आजोबा थेरगावला, बाप आजारी, मुलगा बेपत्ता

“लिही,” उद्धवराव घारे म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले. “चिंचवड-पिंपरीच्या टापूतले तमाम चोर, भामटे, उचले आणि उपटसुंभ यांस कळावे, की घारे हे नुसते आडनाव नाही. ती नजर आहे. या नजरेतून आजवर सुई सुटलेली नाही. स्वल्पविराम. दोराही नाही.”

मन्सूरनं टाइपरायटरवर दोरा उमटवला. ती नजर त्या वेळी टेबलावर चहाचा कप शोधत होती. कप उद्धवरावांच्या डाव्या हातात होता.

चिंचवड स्टेशनजवळच्या त्या गिअरच्या कंपनीत उद्धवराव सुरक्षा अधिकारी होते. पोलीसखात्यात अठरा वर्षं काढली, असं ते सांगत आणि ते खरंच होतं. त्यातली सतरा वर्षं बँडमध्ये बिगुल वाजवण्यात गेली आणि एक वर्ष ओठ सुजल्यामुळं रजेवर. कंपनीत आल्यावर यंत्रं पुसायच्या कॉटन वेस्टच्या चिंध्या पळवणाऱ्या टोळीवर त्यांनी अकरा दिवस पाळत ठेवली होती. बाराव्या दिवशी टोळी चार पिल्लांसह पकडली गेली. मांजर होती. तरी अहवालात ‘टोळीप्रमुख बाई’ असंच लिहायला लावलं.

अहवाल लिहिणारा मन्सूर. मन्सूर इनामदार, गेट क्लार्क, वय चोवीस, नोकरी तात्पुरती. आज, म्हणजे एक्क्याऐंशी सालच्या मार्चमधल्या शेवटच्या सोमवारी, एकसष्ट तात्पुरती माणसं कायम होणार होती. ज्याचे दोनशे चाळीस दिवस भरलेत, त्याचं नाव यादीत. यादी कॉम्प्युटर छापणार, डायरेक्टरसाहेब पाच वाजता सही करणार आणि सहाला विमानतळाची गाडी धरून तीन महिन्यांसाठी जर्मनीला जाणार. सही चुकली तर तीन महिने कशाचाच भरवसा नाही. मन्सूरचे दोनशे बेचाळीस दिवस झाले होते. घरच्या कॅलेंडरवर त्यानं रोज एक फुली मारली होती.

उद्धवरावांनी कॅन्टीनला भजी सांगायला फोन उचलला. गेटची आणि कॉम्प्युटर विभागाची लाइन कुठंतरी एकमेकींत गुंतलेली होती. भज्यांऐवजी कानात कुसुमताईंचा आवाज आला. कुसुमताई म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. उद्धवरावांनी श्वास रोखून ऐकलं, फोन ठेवला आणि म्हणाले, “मन्सूर, दार लाव.”

“झालं काय साहेब?”

“डोक्याला मार लागलाय. मुलगा सापडत नाही. बाप वाचत नाही. आजोबा थेरगावला आहेत. संध्याकाळी पाचपर्यंत मुलगा हाती आला नाही, तर एकसष्ट माणसांचं वाटोळं. बाई अक्षरशः रडकुंडीला आलीय.” त्यांनी मूठ टेबलावर आपटली. चहा सांडला. “अपहरण!”

बाकी कशाचा अर्थ मन्सूरला लागला नाही, पण एकसष्ट हा आकडा कायम होणाऱ्यांच्या यादीचा, हे त्यानं ओळखलं.

“साहेब, आधी कुसुमताईंनाच विचारू या का?”

“कदापि नाही. तपासाचा पहिला नियम. ज्याला माहीत आहे, त्याला कधीही विचारायचं नाही. तो आपल्याला खरं सांगून टाकतो आणि तपास तिथंच खुंटतो. सायकल काढ. थेरगाव!”

मन्सूर पॅडलवर, उद्धवराव मागं कॅरिअरवर. उद्धवरावांचं वजन शहाण्णव किलो होतं आणि प्रत्येक चढाला ते “जोर लाव, एका बालकाचा प्रश्न आहे” असं ओरडत होते. पवनेचा पूल ओलांडला आणि थेरगावच्या तोंडाशी मागच्या चाकानं प्राण सोडला.

पंक्चर झालं ते नेमकं मीरासाहेबांच्या सायकल दुकानासमोर. दुसरं कुठलंही दुकान मन्सूरला चाललं असतं. मीरासाहेब हे हसीनाचे वडील. हसीनाशी त्याचं ठरल्यासारखं होतं, म्हणजे त्याच्या बाजूनं ठरलं होतं, हसीनाच्या बाजूनंही ठरलं होतं, आणि मीरासाहेबांच्या बाजूनं एक शब्द अडला होता.

मीरासाहेबांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे बघत, मान वर न करता विचारलं, “कायम झालास?”

“आज संध्याकाळी, चाचा.”

“मग संध्याकाळी बोलू.”

उद्धवराव पुढं सरसावले. “मियाँ, ह्या रस्त्यानं कुणी एखाद्या पोराला तोंड दाबून नेताना दिसलं का?”

मीरासाहेबांनी मान वर केली. घामानं निथळणारा, धापा टाकणारा मन्सूर बघितला. मग शहाण्णव किलोचे उद्धवराव बघितले. “ह्या एकालाच नेताना दिसलं,” ते म्हणाले.

कुसुमताईंचं घर पुढच्याच आळीत होतं. ओट्यावर त्यांचे सासरे रंगराव बसले होते, वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत. सकाळपासून त्यांच्याशी फक्त एक कुत्रं बोललं होतं.

“आजोबा आपणच का?” उद्धवरावांनी दरडावून विचारलं.

“व्हय, म्याच,” रंगराव आनंदानं म्हणाले. “बसा की.”

“मुलगा कुठाय?”

“कामावर ग्येलाय.”

“आणि बाप?”

“त्येचा बाप म्हंजी म्याच की.”

उद्धवरावांनी मन्सूरकडं विजयी नजर टाकली. “एकच इसम दोन नावांनी वावरतोय. लिहून घे.” मग रंगरावांकडं वळून, “बापाला वाचता येत नाही, अशी आमची माहिती आहे.”

रंगराव उसळलेच. “कुनी सांगितलं? चवथी पास हाय म्या! आणा कागद, आत्ता वाचून दावतो!”

“गुन्हा कबूल आहे?”

“कबूल हाय,” रंगराव म्हणाले. “पर कंचा त्ये च्या पिऊन सांगा. घाई न्हाई.”

चहा झाला. रंगरावांनी तीन गुन्हे कबूल केले. त्यातला एक शेजाऱ्याच्या चिंचा पाडल्याचा होता आणि तो एकोणीसशे अकरा सालचा होता. मन्सूरचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. शेवटी त्यानं न राहवून विचारलं, “बाबा, कुसुमताई कंपनीतलं काही इथं आणून ठेवतात का?”

“ठिवत्यात की. दर शनवारी. त्या कपाटात.”

लोखंडी कपाटात, रेशमी लुगड्यांच्या शेजारी, राखाडी प्लॅस्टिकचा एक चपटा, गोल डबा होता. ताटाएवढा. त्यावर कुसुमताईंच्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला होता: ‘आजोबा. १४ मार्च. इथून हलवू नये.’

उद्धवरावांनी टोपी काढली. दोन्ही हात जोडले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “चौदालाच गेले म्हणायचे. अस्थी अजून विसर्जित नाहीत.”

“साहेब,” मन्सूर म्हणाला, “ही टेप आहे. कॉम्प्युटरची.”

“टेपमध्ये आजोबा कसे बसतील?”

 ज्याला माहीत आहे, त्याला विचारायचं नाही हा नियम मन्सूरनं त्या क्षणी मोडायचा ठरवला.

साडेबाराला ते परतले. कॉम्प्युटरची खोली काचेची होती, आत गारवा, बाहेर चपला काढायच्या. दाराबाहेर बोळात एक टेबल, शेजारी तिवईवर तोटीचा माठ, त्यावर ओलं फडकं. कुसुमताई बाहेरच्या टेबलाचे खण तिसऱ्यांदा उपसत होत्या.

“आजोबा पाहिले?” त्यांनी मन्सूरचं ऐकून विचारलं. “जागेवर आहेत ना? बरं झालं. शेवटचा आधार तेवढाच.” मग खुर्चीत बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. मन्सूरला वाटलं, त्या आपल्यालाच नाही, स्वतःलाही समजावताहेत.

“हे बघ. माणसांची हजेरी, खाडे, सगळी माहिती एका तबकडीवर असते. ती डिस्क. वाचणारं डोकं तिच्यावर केसाएवढ्या अंतरावरून फिरतं. आज सकाळी ते डोकं तबकडीवर घासलं. माहिती खरवडून गेली.”

“म्हणजे डोक्याला मार हा मुद्दा बरोबर होता,” उद्धवराव म्हणाले.

“असं होणार हे गृहीतच धरायचं असतं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी काम थांबवून अख्ख्या माहितीची प्रत टेपवर घेतो. तिला बॅकअप म्हणतात. ताजी प्रत मुलगा. मागच्या शनिवारची बाप. त्याच्या मागची आजोबा. मुलगा आणि बाप इथल्या कपाटात. आजोबा मुद्दाम गावाबाहेर, इथं आग लागली तरी वाचावेत म्हणून. डिस्क गेली तर मुलग्यावरून सगळं पुन्हा उतरवून घ्यायचं, की झालं.”

“मग उतरवा की.”

“मुलगा मिळत नाहीये! मला वाटलं माझ्या हाताखालच्या विलासनं कपाटात ठेवला, विलासला वाटलं मी ठेवला. बाप लावला तर निम्म्यावर अडकतो, मशिनला तो वाचताच येत नाही. राहिले आजोबा. ते लागतील. पण त्यांना चौदा तारखेपर्यंतचंच ठाऊक आहे. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या लेखी उजाडलेच नाहीत.”

मन्सूरनं मनात कॅलेंडरवरच्या फुल्या मोजल्या. चौदा तारखेला दोनशे एकतीस होत होत्या.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “हजेरीची कार्डं हातानं मोजली तर?”

“आठ दिवस लागतील. साहेब संध्याकाळी चालले.”

“मधल्या दिवसांचं काहीच नाही ठेवलेलं?”

“रोजच्या रोज जेवढा फरक पडतो तेवढ्याची छोटी टेप असते, इन्क्रिमेंटल. पण शनिवारी पूर्ण प्रत झाली की त्या पुसून पुन्हा वापरतो. पुसल्या.”

 अब्बांना काय सांगायचं, मीरासाहेबांना काय सांगायचं, हे मन्सूरला सुचेना. म्हणून उद्धवराव तिथून कधी निसटले हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ही चूक त्याच्या हातून वर्षभरात पहिल्यांदाच झाली.

कॅन्टीनमध्ये जेवणाची सुट्टी होती. उद्धवराव बाकावर चढले. आवाज बिगुलवाल्याचा.

“कामगार बंधूंनो! तुमची इन्क्रिमेंट पुसली गेली आहे! कुणी पुसली, ते मी शोधून काढीन! कुणीही जागा सोडू नये!”

सगळ्यांनी जागा सोडली.

दहा मिनिटांत साठ-सत्तर माणसं कॉम्प्युटर खोलीच्या बोळात भरली. पुढं युनियनचा ज्योतीराम, हातात अर्धी भाकरी. “ताई, आमची पगारवाढ कुणी पुसली ते सांगा. आत्ताच्या आत्ता!”

“अहो पगारवाढ नाही, इन्क्रिमेंटल!”

“तेच ते! तुम्ही पुढं ‘ल’ लावला म्हणून काय पैसे येणारेत?”

कुसुमताईंनी खुर्चीवर उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुलगा, बाप, आजोबा, फरक. मार्चचं ऊन, पत्र्याचं छप्पर, बोळात सत्तर माणसं. एकेक जण ऐकता ऐकता तोटीखाली ग्लास धरत होता. तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा लोकांना समजलं, ज्योतीरामची भाकरी संपली आणि माठही संपला.

“च्यामारी,” ज्योतीराम जाता जाता म्हणाला, “एकसष्टात माझा मेव्हणाबी हाय की. शोधा ताई. आम्हीबी शोधतो.” आणि माणसं खरंच शोधायला पांगली. कुणी भंगाराचा ढीग उपसला, कुणी स्टोअरची फळी न फळी. उद्धवराव मध्यभागी उभे राहून दिशा दाखवत होते. तोवर त्यांची आणखी दोन अनुमानं झाली होती. कुसुमताईंनी बोलता बोलता ‘चेकपॉइंट’ हा कॉम्प्युटरचा शब्द उच्चारल्यामुळं मुलगा जकात नाक्यावरून पार झाला, हे एक. दुसरं ऐकायला मन्सूर थांबला नाही.

तीन वाजून गेले होते. बोळात फक्त झाडूवाली अंबुबाई उरली होती. रिकामा माठ भरायला ती कळशी घेऊन आली, फडकं उचललं आणि कंबरेवर हात ठेवून ओरडली.

“माझं झाकान कुनी न्हेलं?”

उद्धवराव धावत आले. “काय झालं?”

“माठाचं झाकान! मातीचं, चांगलं जाडजूड. शनवारी सकाळी व्हतं. चोरीला ग्येलं. तुमी ना चोर धरता? धरा!”

“बाई, इथं एकसष्ट संसार टांगणीला लागलेत आणि तुम्ही झाकण घेऊन बसलात!”

“म्या कुठं झाकान घिऊन बसले? झाकानच न्हाई म्हनून तर बसले! ह्ये कायतरी भलतंच घातलंय कुनी.” आणि तिनं माठाच्या तोंडावरचं ते भलतंच उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं. राखाडी, चपटं, गोल. ताटाएवढं. “खाली कागद डकवलाय. वाचा की, तुमास्नी येतं ना वाचाया?”

उद्धवरावांनी वाचलं.  त्यांच्या खांद्यावरून मन्सूरनं वाचलं. ‘मुलगा. २८ मार्च.’

“ताई!” मन्सूर इतक्या जोरात ओरडला की आत विलासच्या हातातली पेन्सिल पडली.

कुसुमताई अनवाणीच धावत आल्या. डबा त्यांनी छातीशी धरला. मग घाबरून दूर धरला. कोरड्या फडक्यानं कडेकडेनं पुसला, उघडला. झाकणाच्या रबरानं पाणी आत येऊ दिलं नव्हतं. “शनिवारी कागद चिकटवायला टेबलावर आणली होती,” त्या पुटपुटल्या. “गोंदाची बाटली आत नेत नाही ना आपण.”

टेप मशिनवर चढली. काचेला नाक लावून मन्सूर बाहेर उभा राहिला. मोठी चक्रं फिरायला लागली, थांबली, जरा मागं गेली, परत फिरली. दर वेळी थांबली की मन्सूर काचेला आणखी चिकटे. शेजारी अंबुबाईही काचेला नाक लावून उभी. “ह्ये फिरतंय म्हंजी चांगलं का वंगाळ?” तिनं विचारलं. “चांगलं, मावशी,” तो म्हणाला. “बाप निम्म्यावर अडकला होता. हा चाललाय.” चाळीस मिनिटं गेली. मग आत छपाईयंत्र कडकडायला लागलं आणि कुसुमताईंनी काचेआडून अंगठा वर केला.

यादीत एकसष्ट नावं होती. अडतिसावं इनामदार मन्सूर, दिवस दोनशे बेचाळीस. पाचला दहा मिनिटं कमी असताना साहेबांनी सही केली आणि विचारलं, “काही अडचण नाही ना आली?” कुसुमताई म्हणाल्या, “किरकोळ.”

गेटच्या खोलीत उद्धवराव अहवाल सांगायला बसले. “लिही. सदर मुलगा अथक तपासाअंती सुखरूप हस्तगत. पुढं लिही, गुन्हेगार—”

“गुन्हेगार कोण, साहेब?”

“त्याचा छडा लागेल. आधी शनिवारची डायरी काढ. त्या दिवशी तिकडं कोण फिरकलं ते कळेल.”

मन्सूरनं डायरी काढली. तिच्यातला शब्दन्‌शब्द त्यानंच टाइप केलेला होता, उद्धवराव सांगतील तसा, अर्थाकडं लक्ष न देता. तो वाचू लागला आणि एका ओळीवर त्याचा आवाज अडखळला. सायं. ५.५०. तोटी गळते किंवा कसे, याचा तपास करणेकामी माठ उघडला. तपासात झाकण मृत्यू पावले. टेबलावरील बेवारस डबा घालून पर्यायी व्यवस्था केली.

 उद्धवराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवर लाली चढली होती. मन्सूरनं वर्षभर ह्या माणसाच्या सायकलीला पॅडल मारलं होतं, त्याच्या मांजरीला बाई केलं होतं. आज एक वाक्य बोलला असता तर सगळी कंपनी महिनाभर हसली असती. पण त्याच माणसानं सत्तर जणांना बोळात गोळा केलं नसतं तर माठ उद्यापर्यंत रिकामा झाला नसता, हेही खरं होतं.

त्यानं कॅरेज सरकवून टाइप केलं: गुन्हेगार, अज्ञात.

“हं,” उद्धवराव खिडकीकडं बघतच म्हणाले. “अज्ञात. ठीक आहे. फार... फार चलाख असणार.”

“तसं नाही वाटत, साहेब,” मन्सूर म्हणाला. “पण मनानं वाईट नसावा.”

त्या संध्याकाळी मीरासाहेबांनी दुकानाची फळी लावता लावता सगळी हकिगत ऐकली. माठाशी आल्यावर त्यांना इतकं हसू आलं की स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसून म्हणाले, “निकाहाला ईदनंतरचा जुम्मा धरू. आणि त्या वजनदार साहेबांना दावत दे. चालत यायला सांग.” आतून हसीनाच्या बांगड्या वाजल्या. ती दाराआड होती आणि सगळं ऐकत होती.

मंगळवारी सकाळी उद्धवराव नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू. कुणाशी न बोलता थेट बोळात गेले. मन्सूर मागोमाग. अंबुबाई माठ घासूनपुसून भरत होती. उद्धवरावांनी कागद सोडला. आत मातीचं नवंकोरं झाकण होतं.

“कुंभाराकडून आणलं,” ते अंबुबाईला म्हणाले. आवाज बिगुलाचा नव्हता, साधा होता. “तुमचं जुनं... तुमचं जुनं माझ्या हातून फुटलं, बाई.”

अंबुबाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “आसू द्या. फुटायचंच व्हतं. माप घिऊन आनलं नव्हं?”

“मापाची गरज काय?” उद्धवरावांची मान ताठ झाली. “घाऱ्यांची नजर आहे.”

त्यांनी दोन्ही हातांनी, अदबीनं, झाकण माठावर ठेवलं. डुबुक असा आवाज झाला.

तिघंही वाकून माठात बघू लागले.